मंछाबाईंची चूल आणि आमचं अर्धं कॉलेज

नोकरीला लागलो त्या दिवशी प्राचार्यांनी मला माझं काम एका वाक्यात सांगितलं. म्हणाले, "भाऊसाहेब, आलेला मुलगा परत जाता कामा नये."

नेमणूक कनिष्ठ लिपिकाची होती. पुढे हुद्दे बदलले, टेबल मोठं झालं, खुर्चीला हात आले. काम मात्र शेवटपर्यंत तेच राहिलं. अजूनही लग्नकार्यात कुणी ओळख करून देताना म्हणतं, "हे आमच्या कॉलेजात होते," आणि समोरचा विचारतो, "कोणता विषय?" मी म्हणतो, "फी." लोक हसतात. पण मी आयुष्यभर तोच विषय केला. ज्याच्या घरात कॉलेजपुरता पैसा नाही त्या मुलाला कॉलेज कसं परवडेल, याची जुळणी करायची. ती कुठल्या पुस्तकात नव्हती. करत करतच शिकलो.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. आमचं कॉलेज नवंकोरं, पण इमारत जुनी. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात वर्ग भरायचे. वारा सुटला की वाशांमध्ये अडकलेला कापूस खाली यायचा आणि तास संपल्यावर मुलं एकमेकांच्या डोक्यावरून तो वेचून काढायची. मान्यता फक्त पहिल्या दोन वर्षांची. त्यापुढचं शिक्षण धुळ्याला नाही तर पुण्याला. गावातल्या रिकामटेकड्या लोकांनी लगेच नाव ठेवलं, 'अर्धं कॉलेज'.

मला सुरुवातीला त्या नावाचा राग यायचा. नंतर लक्षात आलं की हे अर्धेपण माझ्या फार उपयोगाचं आहे. चार वर्षं म्हटलं की बाप घाबरायचा. परकं गाव, परकी भाषा, खोलीचं भाडं, आणि मुलगा हातचा जाणार ही भीती. दोन वर्षं म्हटलं की तो बसून ऐकायचा. दोन वर्षं इथंच, जवळ. घरचं धान्य येईल, सणावाराला मुलगा घरी येईल, पेरणी-काढणीला हाताशी असेल. तेवढ्यात त्याची भाषा सुधारते, शहराची धास्ती जाते, शिष्यवृत्ती एकदा सुरू झाली की पुढे तीच चालू राहते. मग तो पुण्यात उतरला तरी गांगरत नाही. अर्ध्या कॉलेजसाठी बापाला होकारही अर्धाच द्यावा लागायचा, आणि अर्धा होकार मिळवणं मला जमायचं.

आता शिष्यवृत्तीबद्दल थोडं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की सरकारनं पैसे मंजूर केले की प्रश्न सुटला. सातपुड्यातल्या आमच्या भिल्ल, पावरा मुलांना सरकारची शिष्यवृत्ती होती आणि ती पुरेशीही होती. अडचण एवढीच की कॉलेज उघडायचं जूनमध्ये आणि चेक यायचा संक्रांत उलटल्यावर. मधले महिने मुलानं खायचं काय? खानावळवाला आगाऊ पैसे मागायचा. त्याचंही चूक नव्हतं, त्यालाही किराणा भरायचा होता. माझ्या नोकरीचं सगळं कौशल्य या मधल्या महिन्यांत लागायचं. जूनमध्ये दारात उभा राहिलेला मुलगा संक्रांतीपर्यंत गावात टिकवायचा. त्यानंतर सरकार होतंच.

पहिल्या वर्षी मला ते जमलं नाही. धडगावच्याही पलीकडून आलेला वेस्ता नावाचा मुलगा होता. गणितात तल्लख, बोलायला लाजरा. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. बऱ्याच वर्षांनी तळोद्याच्या मोटारस्टँडवर तो भेटला. डोंगरात जाणाऱ्या जीपवर गोण्या चढवत होता. मला पाहून पुढे आला, चहा पाजला, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, तेव्हा माझा चेक आला होता का?"

मी म्हटलं, "आला होता. तू गेल्यावर. परत पाठवावा लागला."

"आला होता ना," तो म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. मी मात्र तो चहा अर्धाच ठेवला.

वेस्ता गेल्यावर दुसऱ्या वर्षापासून मी पद्धत बदलली. अर्जावर रकाना असायचा, वार्षिक उत्पन्न. डोंगरातल्या माणसाला हा प्रश्न विचारून उपयोग नसायचा. डोंगरातल्या काठी गावाकडच्या एका बापाला मी तो विचारला तेव्हा त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं. म्हणून मी विचारायला लागलो, "घरात होतं काय काय?" मग उत्तरं यायची. मका होतो, तूर होते. आंब्याची झाडं आहेत, उन्हाळ्यात कैऱ्या कापून उतारावर वाळवतो, आमचूर करतो. चारोळी गोळा करतो. त्यावरून मी त्या मुलाचं वर्ष बसवायचो. आमचूर विकून पहिल्या सत्राचं भागेल, मका आणि तूर इथे घेऊन येईल. शिजवायचं कुणी, एवढाच प्रश्न उरायचा. मुलं स्वतः शिजवायला लागली की त्यांचे सकाळचे तास बुडत. दोन मुलांनी तसा प्रयत्न केला आणि घरमालकानं धुरापायी त्यांना बाहेर काढलं.

असा मी अडलेलो असताना, त्या जूनमध्ये मंछाबाई कॉलेजच्या दारात बैलगाडीतून उतरल्या.

तापीकाठच्या एका गावातलं हे गुजर कुटुंब. केळी, कापूस, ऊस, विहिरीवर नवं ऑइल इंजिन. यजमान नरोत्तमभाई गावातला वजनदार माणूस. एकुलता एक मुलगा हिरालाल मॅट्रिक झाला होता आणि त्याला साहेब करायचं हे वडिलांनी ठरवून टाकलं होतं. गाडीत हिरालाल होता, त्याच्या शेजारी भांडी, पाटा-वरवंटा, धान्याच्या कोठ्या, आणि या सगळ्यामागे अवघडून बसलेली त्याची धाकटी बहीण जमना.

घरात ही मंडळी गुजरी बोलायची, पण माझ्याशी मंछाबाई बाजारातली अहिराणी बोलल्या. "भाऊसाहेब, मन्हा हिरालाल नाजूक शे. खानावळनं खाईसन आजारी पडी. मी आठेच ऱ्हासू, तेले रांधी घालसू. एखादी खोली देखा."

"आणि घर?"

"घरमा सासू शे, दिरानी शे. चाली जाई."

मी स्टेशनच्या बाजूला त्यांना खोली पाहून दिली. पुढे लांबरुंद पडवी, आत दोन खोल्या, मागे विहीर. चूल मांडून झाली, पहिल्या दिवसाचा चहा झाला, आणि निघताना मी धीर करून विषय काढला. सहा मुलं आहेत. धान्य स्वतःचं आणतील, लाकूडफाटा आणतील, पाणी भरतील. शिजवण्याचे पैसे शिष्यवृत्ती आली की देतील, आणि त्याची जबाबदारी माझी.

मंछाबाईंनी विचारलं, "कोना पोरे शेतस?"

"डोंगरातली."

त्यांनी पातेल्यावरचं झाकण उगाच उचलून पुन्हा ठेवलं. त्या काळी त्या घरातल्या बाईला हा प्रश्न किती जड होता ते मला माहीत होतं. उत्तर जमनानं दिलं. ती दाराशी उभी होती. आईला ती बाई म्हणायची. म्हणाली, "बाई, आपण तिघांचं करतोच. नऊ जणांचं झालं तर काय, मी आहे ना."

मंछाबाई चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "पडवीमा बठतीन. आपली ताटली आपली धोई ठेवतीन."

मी हो म्हटलं. चुलीचा प्रश्न सुटला याचा आनंद होता आणि मुलांना ही अट कोणत्या तोंडानं सांगू ही पंचाईतही होती. सहाही जणांच्या वतीनं बोलणारा मुलगा होता गोमा वसावे, काठीजवळच्या पाड्यावरचा. उंच, सावळा, कमी पण नेमकं बोलणारा. त्याला मी आडवळणानं सांगायला लागलो. तो मध्येच म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्याकडेही पाहुण्याला अंगणातच बसवतात. पण आम्ही त्याच्यासोबत बसतो."

एवढंच बोलला आणि दुसऱ्या दिवशी मक्याचं पोतं खांद्यावर घेऊन पडवीत हजर झाला.

सुरुवातीचे आठवडे मी रोज संध्याकाळी तिकडे डोकावायचो. पडवीत सहा मुलं ओळीनं जेवायची, आत हिरालाल एकटा. मक्याची भाकरी मंछाबाईंना नीट जमत नव्हती, मोडायची. पण त्यांचं उडदाच्या डाळीचं घुटं असं असायचं की मुलं मोडकी भाकरीही बोलता बोलता संपवायची. एकदा गोमानं घरून आणलेल्या आमचुराची पुरचुंडी दारातून आत सरकवली. मंछाबाईंनी तो चिमूटभर डाळीत घालून पाहिला आणि तिथूनच विचारलं, कैरी केवढी असताना कापता, किती दिवस वाळवता. गोमा उंबऱ्याच्या बाहेर बसून सांगत राहिला. त्या ऐकत राहिल्या. उंबरा मध्ये होता, पण आता बोलणं चालू झालं होतं.

हिरालालला आत एकट्यानं जेवायचा कंटाळा आला होता. बाहेर ही मुलं कुणा प्राध्यापकाची नक्कल करून हसायची आणि तो आत भिंतीकडे पाहून घास गिळायचा. एक दिवस त्यानं आपलं ताट उचललं आणि पडवीत जाऊन बसला. मंछाबाई बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच बसला. मग श्रावणात एका संध्याकाळी आडवा पाऊस आला, पडवीभर पाणी झालं, मुलं ताटं छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी राहिली. आतून मंछाबाईंचा आवाज आला, "आत या रे बठ्ठा. ताटमा पानी पडी ऱ्हायनं."

मुलं आत गेली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं, तरी त्यांची ताटं आतच मांडलेली होती. मुलं आपापल्या ताटापुढे बसली.

जेवण झालं की त्याच खोलीत अभ्यास व्हायचा. एकदा मी गेलो तर दृश्य असं: हिरालाल कोपऱ्यात डुलक्या घेतोय, गोमा आणि बाकीचे अर्थशास्त्राच्या पुस्तकाभोवती बसलेत, आणि समजावून सांगतेय जमना. मागणी वाढली की भाव का वाढतो हे ती त्यांना केळीच्या लिलावावरून सांगत होती. मला पाहून तिनं पुस्तक मिटलं आणि भांडी आवरायला लागली.

मी विचारलं, "तू किती शिकलीस?"

"मॅट्रिक. दादाच्या बरोबरच."

"गुण?"

ती ताटं रचत राहिली. हिरालाल डोळे चोळत म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त आहेत, भाऊसाहेब. पुष्कळ जास्त."

त्या वर्षीचे प्रवेश केव्हाच बंद झाले होते. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे." तारीख तिनं आधीच विचारून ठेवली होती, हे तिच्या बोलण्यावरून मला समजलं.

दिवाळीची सुट्टी संपली. डोंगरातली सहाच्या सहा मुलं परत आली. आदल्या वर्षीच्या अनुभवानं मी सुट्टीभर धास्तावलेलो होतो. त्या सकाळी त्यांना गोण्यांसकट स्टँडवर उतरताना पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. हिरालाल मागून येतो म्हणाला म्हणून मंछाबाई आणि जमनाही पुढे परतल्या. आला नाही तो हिरालाल.

चार-सहा दिवसांनी तो एकटाच मला भेटायला ऑफिसात आला. हाताला ग्रीस लागलेलं. "भाऊसाहेब, माझं नाव काढून टाका," म्हणाला. "वर्गात काय चाललंय ते मला कळत नाही. इंजिन जरा वेगळं वाजलं तर मला बांधावरून समजतं काय बिघडलंय. मी तिथं बरा आहे."

मी त्याला समजावून पाहिलं. प्राचार्यांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण समोर बसलेला मुलगा हरलेला दिसत नव्हता. उलट कॉलेजात होता त्यापेक्षा त्याचा चेहरा मोकळा होता. जायचं म्हणणारा प्रत्येक मुलगा अडवायचा नसतो, हे मला हिरालालकडून कळलं.

"वडिलांना सांगितलंस?"

"सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. आता म्हणतात, तू शिकत नाहीस तर आईला घेऊन येतो. रविवारी गाडी येतेय." मग उठता उठता म्हणाला, "तुम्ही रविवारी तिकडं याल का? जमनासाठी."

रविवारी मी गेलो तेव्हा गाडी दारात लागलेली होती. नरोत्तमभाई पडवीत बाजेवर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. आणि गाडीत भांडी भरत होता गोमा. त्याच्यामागे बाकीचे पाच जण. कोठ्या, पाटा, हंडे, एकेक वस्तू उचलून जपून गाडीत ठेवत होते. बाईंचं सामान आहे म्हटल्यावर ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. ही चूल गेली की उद्यापासून आपल्याला जेवण नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. चेक यायला अजून अवकाश होता. मी त्या मुलांच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

आत मंछाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. सगळं घर रिकामं होत होतं आणि त्या भाकरी थापत होत्या. हिरालाल भिंतीला टेकून उभा होता. जमना आईला जाळ घालून देत होती.

नरोत्तमभाई बाहेरून म्हणाले, "पोऱ्याच नही शिकत तर चूल कोनासाठे? चाल, आवर."

"भाकरी व्हऊ द्या," मंछाबाई म्हणाल्या. "पोरे उपाशी शेतस."

नरोत्तमभाई उठून दारात आले. मला पाहून रामराम केला. मी काही बोलायच्या आत मंछाबाईंनीच बोलायला सुरुवात केली. मान वर न करता, हातातली भाकरी फिरवत. "हिरालालना करता मी घर सोडं. मंग जमनाना करता काबरं नको?"

पडवीतला भांड्यांचा आवाज थांबला.

"जमनाचं काय?" नरोत्तमभाईंनी विचारलं.

"तिले शिकनं शे. जूनमा नाव घालनं. तवपावत चूल आठेच राही."

नरोत्तमभाई पोरीकडे पाहू लागले. जमनानं जाळ घालणं थांबवलं होतं, पण मान खाली होती. येत्या वैशाखात तिच्यासाठी एक स्थळ बघायचं ठरलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की बापाला राग येण्याआधी नवल वाटलं होतं.

"लोके काय म्हनतीन? सहा पोऱ्यास्मा आपली अंडेर?" अंडेर म्हणजे लेक.

"मन्हा डोयासमोर शे ती," मंछाबाई म्हणाल्या. "लोकेस्ना डोयासमोर नही."

हिरालाल पुढे आला. "बापा, शेत मी बघतो. इंजिन मी बघतो. माझ्यासाठी जे ठेवलं होतं ते हिच्यावर लावा. ही मला शिकवायची. मी पास झालो असतो तर हिच्यामुळे झालो असतो."

नरोत्तमभाई माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, शिकीसन हाई काय करी?"

या प्रश्नाला देण्यासारखी सुंदर वाक्यं तेव्हा भाषणांतून ऐकायला मिळायची. ती माझ्या तोंडाशी आली होती. पण बाईंची भांडी गाडीत होती आणि सहा मुलं दारात उभी होती. खोटं काही बोलावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "नोकरी लागेलच असं मी सांगत नाही. पण ही शिकू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन वर्षांचा प्रश्न आहे, भाई. तुमच्या घरापासून बैलगाडीच्या वाटेवर. आई शेजारी. दोन वर्षांनी तुम्हाला नको वाटलं तर घरी घेऊन जा. मी तेव्हा आडवा येणार नाही."

नरोत्तमभाईंनी काठी दाराशी टेकवली. मंछाबाईंनी ताट वाढलं आणि ते आत जाऊन जेवायला बसले. मग मंछाबाईंनी रोजच्यासारखी हाक मारली, "या रे."

मुलं दारातच थबकली. गोमानं माझ्याकडे पाहिलं. मलाही कळेना. मंछाबाई पुन्हा म्हणाल्या, "या म्हनं ना. जेवन थंड व्हई ऱ्हायनं." मुलं एकामागून एक आत आली आणि आपापल्या जागी, भिंतीच्या कडेनं बसली.

नरोत्तमभाईंचा हात ताटावर थांबला. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. मग ताट उचललं, बाहेर पडवीत गेले आणि तिथं बाजेवर एकटेच जेवले.

मंछाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण वाढणं थांबलं नव्हतं. नवऱ्याला त्या पडवीत जाऊन दोनदा वाढून आल्या. मला वाटलं, संपलं आता. हात धुवून हा माणूस गाडी जुंपायला सांगणार.

हात धुतले. उपरण्याला पुसले. गाडीवानाला म्हणाले, "भांडा उतार रे." मग काठी घेऊन, कुणाचाही निरोप न घेता, रिकाम्या गाडीत जाऊन बसले. हिरालाल त्यांच्या मागोमाग पळत गेला.

त्या मुलांबरोबर ते एका पंगतीला कधीच बसले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. पण चूल त्यांनी मोडली नाही, आणि त्यानंतर दर पंधरवड्याला त्यांच्या गाडीतून दादर ज्वारीचं पोतं यायचं ते आठ जणांच्या मापानं यायचं. माणूस किती बदलला हे मी आता मोजत नाही. त्या वेळी मुलं जेवली, मला तेवढं पुरे होतं.

भांडी उतरवताना गोमा म्हणाला, "भाऊसाहेब, हंडा चढवताना फार जड वाटला होता. उतरवताना हलका लागतोय." मी त्याला म्हटलं, "भूक लागली होती तेव्हा. आता जेवलायस." सगळे हसले, जमनासुद्धा.

संक्रांतीनंतर चेक आला. मुलांनी मंछाबाईंचे पैसे चुकते केले. होळीला सगळी काठीकडे गेली. होळीच्या दिवसांत डोंगरातल्या मुलाला अडवू नये, हा धडा मला एव्हाना मिळाला होता. तिथं रात्रभर ढोलावर नाचून, अंगावरचे रंग पुरते न धुता ती परीक्षेला वेळेवर परतली. सहापैकी पाच पास झाली. सहावा पुढच्या वर्षी झाला.

जूनमध्ये जमनाचं नाव लागलं. वर्गात ती आणि स्टेशनमास्तरांची मुलगी, अशा दोघीच. सुरुवातीला दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसत, प्राध्यापक वर्गात गेले की मग आत जात. सकाळी आईबरोबर स्वयंपाक करून जमना तासाला यायची. त्या वर्षी चुलीवर आणखी चार मुलं वाढली आणि मंछाबाईंनी मोठं पातेलं घेतलं, त्यांच्या स्वतःच्या कमाईचं. ते त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. गोमा दोन वर्षं पूर्ण करून पुण्याला गेला. तिथंही चेक उशिराच यायचा, पण आता त्याला उशिराची सवय झाली होती. पुढे तो डोंगरातच शिक्षक झाला.

जमनाची दोन वर्षं संपली. निकाल लागला. आमच्या कॉलेजातून ती पहिली आली होती. तिला गुणवत्तेची शिष्यवृत्ती मिळू शकेल हे मला दिसत होतं, पण मी नरोत्तमभाईंना शब्द दिला होता की आडवा येणार नाही. म्हणून मी त्यांच्या गावी गेलो नाही. पेढेही पाठवले नाहीत, उगाच दबाव वाटायला नको.

आठवड्याभरानं तेच ऑफिसात आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. खुर्ची दिली तर तिच्या कडेला टेकले. केळीच्या भावाचं बोलले, पावसाचं बोलले. चहा घेतला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, उरेल अर्धं कॉलेज कोठे भेटस?"

उरलेलं अर्धं कॉलेज! मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते जरा चिडून म्हणाले, "धुळे का पुनं? सांगा ना."

धुळ्याचं ठरलं. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. या वेळी मंछाबाई बरोबर जाणार नव्हत्या. सासू थकली होती, घरी त्यांची गरज होती. नंदुरबारची चूल त्यांनी मागे ठेवली, पातेल्यासकट. नव्या मुलांसाठी मी डोंगरातल्या मोलगी गावाकडून एका विद्यार्थ्याच्या मावशीला आणलं. मंछाबाई तिला दोन दिवस राहून सगळं दाखवून गेल्या. मक्याची भाकरी मात्र त्या तिच्याकडून शिकल्या.

जमना निघाली त्या सकाळी मी स्टँडवर गेलो. हिरालालनं ट्रंक टपावर चढवली, दोरी स्वतः बांधली आणि खाली उतरून पुन्हा एकदा ओढून पाहिली. मंछाबाईंनी पोरीच्या हातात दशम्यांचं गाठोडं दिलं आणि तोंड वळवून उभ्या राहिल्या. जमना खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. नरोत्तमभाई गाडीच्या दारात उभे होते.

कंडक्टर घाईत होता. त्यानं विचारलं, "किती, बाबा? तुम्ही येताय ना?"

नरोत्तमभाईंनी पैसे पुढे केले. आवाज एवढा मोठा होता की मागच्या बाकापर्यंत माणसं वळून बघायला लागली.

"एक," ते म्हणाले. "मन्ही अंडेर एकलीच जाई ऱ्हायनी. धुळे. कॉलेजले."

गाडी सुटली. ते ती वळणाआड जाईपर्यंत उभे होते, मग मला रामराम करून बैलांकडे गेले. मीही ऑफिसची वाट धरली. जून महिना होता, दारात मुलं उभी असणार.